कार्डावर पावणेदोनशे, शेगडीवर चार

रविवारी रात्री लातूरच्या मेस बंद असतात. या एका रिवाजावर शहरातल्या कितीतरी हॉटेलांचा आठवडा निघतो. सोमवार ते शनिवार ट्यूशन एरियातली मुलं-मुली महिन्याचे पैसे भरून पोळी, दोन भाज्या, वरण-भात जेवतात. रविवारी दुपारी मेसवाल्या काकू काहीतरी गोडधोड करतात आणि संध्याकाळी ओटा धुऊन मोकळ्या होतात. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवकडचे आईवडील लेकरांना भेटायला येतात तेही याच दिवशी. 'नीट'च्या तयारीत पोरगं वाळलंय असं आईला वाटत असतं, पोराला मेसच्या वांग्याचा वीट आलेला असतो. मग रात्री आठच्या पुढे औसा रोड, अंबाजोगाई रोड, बार्शी रोड, कुठंही जा, बऱ्या हॉटेलच्या दारात माणसं नाव लिहून उभी दिसतात.

'मराठवाडा बाहेर जेवतो तेव्हा' हा विषय संपादकांनी दिला. तारांकित हॉटेलं नकोत, गाडेही नकोत. चार माणसांचं कुटुंब हजार-बाराशेत जेवून उठतं ती मधली हॉटेलं बघा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी लातूर आणि नांदेड निवडलं, कारण दोन्हीकडे परगावचा माणूस रोज जेवायला असतो. लातुरात तो शिकायला येतो, नांदेडला माथा टेकायला.

लातूरच्या अशाच एका रविवारी आम्ही पाच जण एका गजबजलेल्या हॉटेलात बसलो. कार्डावर पावणेदोनशेच्या आसपास पदार्थ होते, त्यांत एकट्या पनीरचीच दोन पानं. मसाला पापड फर्मास आला, वरचा कांदा-कोथिंबीर आत्ता चिरलेला. टोमॅटो सूप मात्र मक्याच्या पिठानं दाट केलेलं आणि गोडमिट्ट. दाल तडका आणि जिरा राईस चांगले होते. डाळ शिजलेली पण लगदा न झालेली, लसूण खमंग. तंदूर रोटीची पहिली खेप खुसखुशीत, दुसरी इतकी उशिरा आली की तोवर भाजी गार पडली. व्हेज कोल्हापुरी आणि पनीर कढई एकाच घरातल्या निघाल्या, एक जरा जास्त तिखट एवढंच. व्हेज बिर्याणी म्हणून जे आलं तो मघाचाच जिरा राईस होता, लाल ग्रेव्हीत परतलेला. बिल देऊन उठताना टेबलावर दोन तट पडले होते. एकाच हॉटेलात, एकाच तासात, एकाच वस्तादाच्या हातून निम्मं जेवण चांगलं आणि निम्मं फसलेलं कसं येतं, याचं उत्तर आत भटारखान्यात होतं.

शेगडीमागचं गणित

हॉटेलचा भटारखाना बघायचा तर दुपारी चारनंतर जावं. दुपारचं गिऱ्हाईक गेलेलं असतं, रात्रीचं यायचं असतं, आणि मोठ्या पातेल्यांत ग्रेव्ह्या शिजत असतात. लाल ग्रेव्ही कांदा-टोमॅटोची. पांढरी उकडलेल्या कांद्याची, त्यात काजूचा तुकडा आणि मगज वाटून घातलेले. पिवळीत हळद आणि परतलेला कांदा-लसूण. आणि चौथी हिरवी, पालकाची. पावणेदोनशे पदार्थांपैकी ज्यांना रस्सा आहे, ते बहुतेक सगळे या चार पातेल्यांतून निघतात. लाल ग्रेव्हीत ढोबळी मिरचीचे चौकोनी तुकडे आणि भरड धणे पडले की कढई. लालमध्ये पांढरी मिसळून वर लोणी आणि चिमूटभर साखर घातली की बटर मसाला. नुसती पांढरी म्हणजे शाही किंवा मलई कोफ्ता. लाल ग्रेव्हीवर तिखटाची फोडणी ओतली की झालं कोल्हापुरी. शेवटी कसुरी मेथी सगळ्यांवरच चुरली जाते, म्हणून सगळ्यांचा वासही एकच येतो.

यात फसवणूक नाही. टेबलावर बसल्यापासून पंधरा मिनिटांत भाजी हवी, ही मागणी आपलीच. तेवढ्या वेळात कांदा चिरून, भाजून, वाटून रस्सा होत नाही. चार शेगड्या, दोन कढया धरणारी माणसं आणि बाहेर वीस टेबलं, अशी आतली परिस्थिती. ग्रेव्ही आधी करून ठेवल्याशिवाय हे हॉटेल चालूच शकत नाही.

मग कार्ड एवढं लांबलचक कशाला? एका मालकांनी सरळ सांगितलं की कार्ड छोटं केलं तर गिऱ्हाईक 'इथं काही मिळत नाही' म्हणून उठून जातं. शिवाय कार्ड छापणाऱ्याकडं यादी तयारच असते, भाव तेवढे आपले घालायचे. म्हणून लातूरचं कार्ड आणि नांदेडचं कार्ड शेजारी ठेवलं तर शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा जुळतात.

कोणता पदार्थ जमणार हे ठरतं तो रात्रीतून किती वेळा होतो यावर. दाल तडका दर दुसऱ्या टेबलावर जातो, म्हणून डाळ ताजी असते आणि फोडणी देणाऱ्याचा हात बसलेला असतो. व्हेज बिर्याणी दोन दिवसांत एखाद्याने मागितली तर तिच्यासाठी वेगळा तांदूळ कोण शिजवणार? फ्रीजमधला कोफ्ता कधीचा आहे, हे वस्तादालाही आठवून सांगावं लागतं.

हा वस्ताद बहुतेक ठिकाणी मराठवाड्यातला नसतो. कुणी उत्तर प्रदेशातला, कुणी बिहारचा, चायनीजच्या काउंटरवर नेपाळचा. होळीला, छठपूजेला तो गावी गेला की हाताखालचा पोऱ्या कढई धरतो. ग्रेव्ही तीच, पण हात बदलतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाला पहिल्याच घासाला हे कळतं. तंदूरवर तर एकच माणूस असतो. भट्टीच्या पोटात एका वेळी मावतात तेवढ्याच रोट्या लागतात, रविवारी नऊ वाजता सगळ्या टेबलांना त्या एकदम हव्या असतात. रोटी आणि भाजीची चुकामूक होते ती इथं.

पाण्याचा हिशेबही लातुरात वेगळा. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 'जलदूत' हे गाडीचं नाव इथं शाळकरी पोरालाही माहीत आहे. तेव्हापासून शहराचा पाण्यावरचा विश्वास उडाला तो पुरता परतलेला नाही. 'बाटली देऊ का साधं?' या वेटरच्या पहिल्या प्रश्नाला लातूरचा माणूस जरा विचार करून उत्तर देतो.

लंगरातली डाळ आणि कार्डावरचं पंजाब

नांदेडला हा 'पंजाबी' प्रकार वेगळ्याच उजेडात दिसतो. १७०८ साली गुरू गोविंदसिंग इथं होते. गोदावरीकाठच्या या गावात त्यांनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं आणि इथंच देह ठेवला. सचखंड गुरुद्वाऱ्याची आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेली शीख घरं दख्खनी बोलतात, मराठी बोलतात, आणि अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसनं रोज नवी संगत येते. त्या गाडीतल्या प्रवाशांना वाटेतल्या स्टेशनांवर सेवेकरी लंगर वाढतात. जाणते प्रवासी ताटली-वाटी सोबतच घेऊन निघतात.

लंगरात बसलं की पंजाबी जेवण म्हणजे काय ते ताटात दिसतं. दाट शिजलेली डाळ, एक भाजी, तव्यावरची रोटी, कधी भात, कधी खीर. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची, प्रसाद म्हणून. त्यात काजूची पेस्ट नाही, क्रीम नाही, लाल रंग नाही. पंगतीत कोण कुठला, कोण कोणाचा, विचारत नाहीत. पैसेही घेत नाहीत. निकाल मात्र जवळजवळ रोज एकसारखा लागतो, कारण पदार्थ मोजके, माणसं भरपूर आणि पातेलं सतत फिरतं.

तिथून बाहेर पडून हाकेच्या अंतरावरच्या हॉटेलात बसा. कार्डावर 'पंजाबी' या मथळ्याखाली दोन पानं असतात आणि लंगरातलं त्यात फारसं काही नसतं. कारण हे पंजाब नांदेडला गुरुद्वाऱ्यातून आलेलं नाही, ते दिल्लीहून आलं. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल यांनी भागीदारांसह दर्यागंजात मोतीमहल काढलं. तंदूर घराच्या आणि गल्लीच्या बाहेर येऊन हॉटेलात पोचला, लोणी-टोमॅटोच्या रस्स्यातली कोंबडी आणि मखनी डाळ देशभर गेली. बटर चिकन नेमकं कुणी शोधलं, यावर दोन हॉटेलांच्या वारसांचा दावा २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. हायवेचे ढाबे, लग्नातले केटरर आणि छापील कार्डं यांनी ती चव पुढे गावोगाव नेली. नांदेडात तीनशे वर्षं पंजाबी माणूस शेजारी असूनही हॉटेलानं रेसिपी घेतली ती दिल्लीची.

२००८ साली गुरुतागद्दीची त्रिशताब्दी झाली. त्या निमित्तानं रस्ते रुंदावले, घाट बांधले गेले, लॉज आणि हॉटेलं उभी राहिली. त्या लाटेत आलेल्या हॉटेलांत आज दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं शेजारी बसतात. लुधियान्याचा यात्रेकरू पराठा आणि दही मागतो, लोह्याहून खरेदीला आलेलं कुटुंब पनीर टिक्का मागतं. पराठा-दही चांगलं येतं, कारण सकाळपासून पराठेच चाललेले असतात. पनीर टिक्का नशिबावर.

एकाच डेगेचं हॉटेल

नांदेडातच देगलूर नाका, इतवारा या बाजूला गेलं की कार्डच गायब होतं. भिंतीवर चार ओळी रंगवलेल्या असतात, दाराशी डेग असते आणि विचारायचं एवढंच, फुल की हाफ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्य गेलं तरी स्वयंपाकाचं तोंड हैदराबादकडंच राहिलं. बिर्याणी, आंबटसर खट्ट्याबरोबरची खिचडी, तहारी, रमजानात हलीम, आणि अलीकडं एका थाळ्यात चौघांनी बसून खायची मंदी, जी हैदराबादच्या बारकस भागातल्या येमेनी वंशाच्या वस्तीतून पसरली.

तहारी समजून घेण्यासारखी आहे. बिर्याणीत तांदूळ आणि गोश्त वेगळे तयार करून थर लावतात. तहारीत रश्श्यातच तांदूळ शिजतो, हळदीनं पिवळा होतो. खर्च कमी, सोपस्कार कमी, आणि मटण न परवडणाऱ्या घरात बटाट्यावरही भागतं. हॉटेलात ती दुपारी साडेबाराला सर्वांत चांगली लागते, तीनला तळाची आणि चारला संपलेली. 'खतम हो गया, कल आना' हे ऐकून चिडू नये. संपणं हीच त्या हॉटेलची हमी. उद्यासाठी उरतच नाही, त्यामुळे शिळं वाढायचा प्रश्न येत नाही.

वाढणाऱ्याची ढब पण बघावी. 'सालन और होना क्या, भाई?' असं विचारून तो उत्तराआधीच वाढून मोकळा होतो. टेबल पुसणारं फडकं मात्र सगळ्या टेबलांना एकच, पंखा एकाच कोपऱ्यात, हात धुवायच्या बेसिनपाशी रांग. चवीला पैकीच्या पैकी आणि बैठकीला काठावर पास, असा इथला निकाल. एसी हॉटेलात नेमकं उलट. तिथं खुर्ची मऊ, पाणी गार, पण बिर्याणी फोडणीच्या भाताच्या जवळपास.

डाळीच्या गावात

लातूरची ओळख शिक्षणाआधी डाळीची. गंजगोलाईच्या वर्तुळात सोळा रस्ते येऊन मिळतात आणि मधोमध जगदंबेचं देऊळ. या बाजारानं शहराला व्यापारी केलं. तुरीचे सौदे आणि डाळ मिल यांवर इथल्या किती घरांची चूल पेटली. २०२४ मध्ये जिल्ह्यातल्या तीन गोष्टींना भौगोलिक मानांकन मिळालं: बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर. डाळ, चिंच, कोथिंबीर म्हटल्यावर कोणत्याही मराठवाडी माणसाच्या डोळ्यांपुढं आमटीच येईल. हॉटेलच्या कार्डावर मात्र आमटी शोधून सापडत नाही. तिथं दाल तडका, दाल फ्राय, दाल कोल्हापुरी.

याचं कारण साधं आहे. हॉटेलात माणूस जायचा तो घरी नसतं ते खायला. आमटी, येसर, धपाटे, शेंगदाण्याची चटणी यांसाठी पैसे मोजायचे, ही कल्पनाच मागच्या पिढीला हास्यास्पद वाटली असती. इथल्या सर्वांत मोठ्या 'बाहेरच्या' जेवणाला तर हॉटेल लागतच नाही. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिवकडची घरंच्या घरं शेतात जाऊन बसतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि मग डाळी, हिरवे दाणे, भाज्या आणि बेसनाची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेजारी नेतो. त्या दुपारी शहरात कर्फ्यू लागल्यासारखी शांतता असते.

पण गेल्या काही वर्षांत एक बदल झाला. हायवेवर 'चुलीवरची भाकरी'चे फलक लागले. निलंग्याच्या गाड्यांवरचा मसालेदार 'निलंगा राईस' गावाची वेस ओलांडून मोठ्या शहरांत पोचला. पिठलं-भाकरी-ठेच्याची थाळी पनीर हंडीच्या भावाला टेकू लागली. रविवारच्या टेबलांवर मी जे वारंवार पाहिलं त्यात या बदलाचं कारण आहे. वडील कौतुकानं पोरासाठी पनीर तुफानी मागवत होते आणि वसतिगृहात राहणारं पोरगं विचारत होतं, 'भाकरी आहे का?' त्याच्यासाठी घरचं जेवण हेच आता बाहेरचं झालंय.

या भाकरीमागचं काम मात्र ग्रेव्हीसारखं साठवता येत नाही. भाकरी थापायला आजूबाजूच्या वस्तीतल्या बाया रोजानं येतात. पीठ ताजं लागतं, पाणी गरम लागतं, आणि भाकरी फुगली की दोन मिनिटांत ताटात जावी लागते. म्हणून जिथं डोळ्यांसमोर चूल आणि बाई दिसते तिथं भाकरी हमखास चांगली. शेवटची बस गाठायला ती साडेनऊला उठली की पुढच्यांना तंदूर रोटीच. आणि शेजारचं 'गावरान वांगं' तपासून बघावं. पुष्कळदा तिथंही आपली ओळखीची लाल ग्रेव्हीच काळा मसाला लावून बसलेली असते.

पडद्याआडची फॅमिली

जुन्या हॉटेलांत 'फॅमिली रूम' अजून दिसते. वर जायचा वेगळा जिना, प्लायवूडच्या खणांना पडदे. खाली पुरुष, वर 'फॅमिली'. बाईनं चारचौघांत तोंड हलवायचं नाही, हा संकोच त्या प्लायवूडमध्ये ठोकलेला होता. लातूरच्या शिकवण्यांनी त्याला पहिला धक्का दिला. गावाकडच्या मुली चार-पाच जणी मिळून, कुणी पुरुष सोबत नसताना, मधल्या टेबलावर बसून डोसा खातात, बिलाची वाटणी मोबाइलवर करतात. नव्या हॉटेलांनी पडदे काढून तिथं वाढदिवसाचे फुगे लावले आहेत.

टेबलावर कोण बसू शकतो, हा प्रश्न इथं फक्त बाईपुरता नव्हता. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानं दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं जातीचा आडपडदा न ठेवता सर्वांना खुली केली. खेड्यांतल्या चहाच्या हॉटेलांत वेगळा कप त्यानंतरही बरीच वर्षं होता. शहरातल्या हॉटेलात कुणी नाव-गाव विचारत नाही, पैसे दिले की ताट येतं. पनीर रबरासारखं असेल, पण ज्याच्या आजोबांना दाराबाहेर उभं राहून चहा प्यावा लागला, त्याचा नातू एसीखाली बसून 'हे परत घेऊन जा' असं म्हणू शकतो, ही त्या सामान्य हॉटेलची मोठी कमाई.

सांगायचं कुणाला

फक्त तसं म्हणतं कोण? आपल्याकडं जेवण आवडलं नाही तर माणूस बडीशेप खातो, 'ठीक होतं' म्हणतो आणि त्या हॉटेलची पायरी परत चढत नाही. मालकाला गिऱ्हाईक तुटल्याचं कळतं, कारण कळत नाही. ताट परत करणं म्हणजे अन्नाचा अपमान, असा संस्कार आहे. त्यामुळं चुकलेल्या भाजीला कधी बोलणीच बसत नाहीत.

काही गोष्टी मात्र हक्काच्या आहेत, त्या मागाव्यात. जानेवारी २०२२ पासून बिलावर अन्न सुरक्षा परवान्याचा चौदा आकडी नंबर असणं बंधनकारक आहे. साध्या हॉटेलच्या जेवणावर नोव्हेंबर २०१७ पासून जीएसटी पाच टक्के. पण हॉटेल कंपोझिशन योजनेत असेल, तर तो त्यानं स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, बिलात वेगळा लावता येत नाही. दुधाऐवजी वनस्पती तेलावर केलेल्या तुकड्यांना कायद्यानं पनीर म्हणता येत नाही. मार्च २०२५ मध्ये हा बनावट पनीरचा विषय विधानसभेत गाजला. घासाला लवचिक, रबरी लागणारं पनीर आलं तर 'हे दुधाचंच आहे ना?' एवढं मोठ्यानं विचारावं. शेजारच्या टेबलांनाही ऐकू गेलं तर बरंच.

त्याहून सोपी युक्ती लातूरच्या एका वयस्क वेटरमामांनी सांगितली: कार्ड उघडायच्या आधी विचारायचं, 'आज आत काय जोरात चाललंय?' वेटरला ते पक्कं ठाऊक असतं आणि सहसा तो खरं सांगतो, कारण ताट परत आलं तर शिव्या त्यालाच खाव्या लागतात. या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरावर जेवलो तिथं क्वचितच पस्तावलो. कार्ड चाळत, काहीतरी वेगळं म्हणून मागवलं तिथं बहुतेक वेळा लाल ग्रेव्हीच नाव बदलून भेटली.

पावणेदोनशे पदार्थांचं कार्ड मालकानं एकट्यानं लिहिलेलं नाही. 'इथं काही मिळत नाही' म्हणून उठणाऱ्या आपण सगळ्यांनी ते लिहून घेतलंय. देगलूर नाक्यावरच्या डेगवाल्याला चार ओळींची भिंत पुरते, कारण त्याचं गिऱ्हाईक पाचवी ओळ मागत नाही. लातूरच्या हॉटेलात बोरसुरीच्या डाळीची आमटी मिळावी असं वाटत असेल, तर पनीरची दोन पानं उलटून ती मागावी लागेल, पहिल्यांदा नाही म्हटलं तरी दुसऱ्यांदा, आणि मिळाली की घरच्यासारखीच म्हणून भाव न पाडता पैसे मोजावे लागतील.